सूक्ष्म शैवालांच्या नावांवरची भांडणं – सारखे विचारले जाणारे प्रश्न

पाषाण तलावातून नाहीतर मुठेतून बाटली भरून आणायची, मायक्रोस्कोपखाली बघायचं, पुस्तक उघडून नाव शोधायचं, आणि नेटवर बघावं तर तेच नाव 'जुनं' म्हणून बाजूला टाकलेलं. पुण्यात बॉटनी, मायक्रोबायोलॉजी करणारी पोरं, नदीचं पाणी तपासणारे हौशी लोक, गच्चीवर स्पिरुलिना वाढवणारे, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवलंय. काही उत्तरं लांबलीत, काही दोन ओळींत संपलीत, जिथे भांडण मोठं तिथे उत्तर मोठं.

एकाच शेवाळाला चार-चार नावं कशी? आणि त्यातलं खरं कोणतं?

उदाहरणावरूनच बघू. तलावाच्या पाण्याचा थेंब स्लाइडवर घ्या, ४०० पट मोठा करा, बऱ्याचदा चार हिरव्या पेशी एकमेकींना चिकटून ओळीत उभ्या दिसतील, दोन्ही टोकांना निमुळत्या, काटे वगैरे काही नाही. लॅबमधे कुणालाही दाखवा, 'सीनेडेस्मस' असंच उत्तर येणार.

आता हिची जन्मकथा ऐका. तुर्पां नावाच्या फ्रेंच माणसाने १८२८ मधे हिचं वर्णन केलं आणि नाव दिलं अ‍ॅक्नँथिस ऑब्लिक्वा. अ‍ॅक्नँथिस हा डायटमचा, म्हणजे काचेच्या कवचवाल्यांचा, जीनस (नावाचा पहिला शब्द, घराणं म्हणा), या बाईचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. १८३३ मधे क्युट्झिंगने ती सीनेडेस्मसमधे आणली आणि सीनेडेस्मस ऑब्लिक्वस हे नाव पुढे दीडशेहून जास्त वर्षं बिनबोभाट चाललं. मग डीएनए आला. सीनेडेस्मस म्हणून जे काही आपण एकत्र ठेवलं होतं ते एका घरचं नाहीच असं दिसायला लागलं, १९९९ मधे काटेवाले बाहेर काढून त्यांचा डेस्मोडेस्मस झाला, टोकदार पेशीवाल्यांसाठी २००१ मधे त्सारेन्को यांनी अ‍ॅक्युटोडेस्मस हा वेगळा जीनस केला, शैवालापासून बायोडिझेल काढू बघणाऱ्यांनी पेपरमधे अ‍ॅक्युटोडेस्मस ऑब्लिक्वस लिहायला सुरुवात केली, जरा कुठे सवय होतेय तोवर मायकल विन यांनी दाखवून दिलं की अहो, याच गटात टेट्राडेस्मस पण बसतो आणि तो स्मिथ यांनी १९१३ मधेच छापलाय. जुनं ते आधी. झालं, आता टेट्राडेस्मस ऑब्लिक्वस.

'खरं' नाव कोणतं याचं उत्तर असं की तुम्ही कोणतं वर्गीकरण मानता त्यावर ते ठरतं. टोकदारवाले वेगळे काढायचे हे मान्य असेल तर टेट्राडेस्मस, दुसरं कुठलं चालणार नाही. मान्यच नसेल तर सीनेडेस्मस ऑब्लिक्वस आजही नियमात बसतं, कुणी तुम्हाला पकडून नेणार नाही. अ‍ॅक्युटोडेस्मस ऑब्लिक्वस मात्र दोन्हीकडून गेलं.

म्हणजे भांडण नक्की कशावर असतं?

दोन वेगळी भांडणं असतात आणि लोक ती हमखास एकत्र कालवतात, माझ्या मते अर्धा गोंधळ त्यातूनच होतो.

एक भांडण निसर्गाबद्दल: हे दोन गट वेगळे आहेत का एकच, डीएनए काय सांगतो, पेशीचा आकार काय सांगतो. इथे पुरावा लागतो आणि मत बदलू शकतं. दुसरं भांडण निव्वळ कागदपत्रांचं: कुणी आधी छापलं, वर्णन लॅटिनमधे होतं का, नमुना कुठे ठेवला, हेच नाव आधी कुणी दुसऱ्या कशाला दिलेलं तर नाही ना. इथे शेवाळ काय आहे याला काही किंमत नाही, तारीख आणि नियम बघायचे, विषय संपला. टेट्राडेस्मसच्या गोष्टीत काटेवाले वेगळे काढणं हे पहिल्या प्रकारातलं आणि १९१३ विरुद्ध २००१ हे दुसऱ्या. पहिल्या भांडणात दुसऱ्याचे मुद्दे घुसवले की सेमिनारमधे दोन तास जातात आणि चहा गार होतो.

हे नियम ठरवतं कोण?

शैवाल, बुरशी आणि वनस्पती यांच्या नावांची एक आंतरराष्ट्रीय नियमावली आहे, लोक तिला नुसतं 'कोड' म्हणतात. २०११ पर्यंत तिच्या नावात फक्त 'बोटॅनिकल' होतं, मेलबर्नला भरलेल्या आंतरराष्ट्रीय बॉटनी परिषदेत (हिलाच काँग्रेस म्हणतात) शैवाल आणि बुरशी ही नावं मथळ्यात आली. साधारण दर सहा वर्षांनी जगभरचे बॉटनीवाले जमतात, २०१७ ला शेनझेन, २०२४ ला माद्रिद, पुढची २०२९ ला केपटाऊनला आहे. नियम बदलायचा तर तिथे ६० टक्के मतं लागतात, साधं बहुमत पुरत नाही.

शैवालांपुरत्या काही तारखा डोक्यात ठेवा. १ जानेवारी १९५८ पासून नवीन शैवालाचं वर्णन लॅटिनमधे आणि सोबत चित्र हे सक्तीचं झालं. लॅटिनची सक्ती २०११ संपताना गेली, १ जानेवारी २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी काहीही चालतं, आणि त्याच दिवसापासून ऑनलाइन पीडीएफ पण धरली जायला लागली. म्हणजे १९५८ नंतर कुणी बिचाऱ्याने उत्तम काम केलं, सुंदर चित्रं काढली पण लॅटिनच्या चार ओळी विसरला, तर त्याचं नाव नियमाने जन्मलंच नाही. अशी अर्धवट नावं पुष्कळ पडलीत आणि ती शोधून दुरुस्त करणारे लोक आहेत, त्यांच्या चिकाटीला दंडवत.

आणखी एक गंमत. बहुतेकांसाठी सुरुवात लिनियसच्या १७५३ पासून धरतात, पण डेस्मिड या हिरव्या शैवालांच्या गटासाठी १८४८, म्हणजे राल्फ्सचं पुस्तक, हेटेरोसिस्ट (नत्र धरणाऱ्या खास पेशी) असलेल्या नॉस्टॉकसारख्या नीलहरित शैवालांसाठी १८८६, हेटेरोसिस्ट नसलेल्यांसाठी १८९२ चं गोमाँचं पुस्तक, आणि ईडोगोनियमवाल्यांसाठी १९००. म्हणून नावामागे 'एक्स गोमाँ' असलं काहीतरी दिसतं. आधीच्या माणसाने नाव सुचवलेलं असतं पण गणती गोमाँपासून.

नावामागे कंसात एक माणूस आणि कंसाबाहेर दुसरा, हे काय आहे?

सातबाऱ्यावरच्या फेरफारासारखं समजा. टेट्राडेस्मस ऑब्लिक्वस, कंसात तुर्पां, बाहेर विन. म्हणजे स्पीशीज (जीनसमधली एक जात) मुळात तुर्पांच्या नावावर नोंदवलेली, आत्ताच्या जीनसमधे नोंद फिरवली ती विन यांनी. मूळ नोंद पुसली जात नाही, म्हणूनच मागे मागे जात १८२८ पर्यंत पोचता येतं. आणि जीनस बदलला की शेपटाचं लिंगही त्याच्याबरोबर फिरतं, ऑब्लिक्वा होती ती ऑब्लिक्वस झाली. ही टायपिंगची चूक नाही, परीक्षक विचारतात.

'टाइप' म्हणजे काय आणि त्यावरून एवढं रामायण का?

प्रत्येक नाव एका नमुन्याला बांधलेलं असतं, तो टाइप. नाव कुणाचं असा वाद झाला की टाइप उघडून बघायचा. गुलाबाचा टाइप म्हणजे वाळवलेली फांदी, हर्बेरियमच्या कपाटात चिकटवलेली. पाच मायक्रॉनच्या हिरव्या गोळीचं काय वाळवणार? म्हणून सूक्ष्म शैवालांत कित्येक नावांचा टाइप म्हणजे नुसतं एक चित्र आहे, दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या भिंगातून बघून हाताने काढलेलं. त्या चित्रात दहा वेगवेगळ्या स्पीशीज बसू शकतात. मग उपाय म्हणून 'एपिटाइप' नेमतात, म्हणजे जुन्या धूसर टाइपच्या जोडीला एक नवा स्पष्ट नमुना, शक्यतो मूळ गावच्या पाण्यातूनच आणलेला, ज्याचा डीएनए काढता येतो.

नशीबवान उदाहरण क्लोरेला व्हल्गॅरिसचं. बायरिंकने १८९० मधे तिला नाव दिलं आणि त्याने वेगळी केलेली मूळ जात अजून जिवंत आहे, जर्मनीत ग्योटिंगेनच्या कलेक्शनमधे, एसएजी २११-११बी या नंबरने. वाद झाला की नळी उघडून विचारता येतं.

उलटं उदाहरण स्केलेटोनेमा कोस्टॅटम या समुद्री डायटमचं. समुद्राच्या पाण्यावर काम करणारा कुणीही हे नाव वर्षानुवर्षं डोळे झाकून लिहायचा, किनाऱ्यावर सगळीकडे तेच. ग्रेव्हिलने १८६६ मधे हाँगकाँगच्या नमुन्यावरून त्याचं मेलोसिरा कोस्टॅटा म्हणून वर्णन केलं होतं. २००५ च्या सुमारास लोकांनी मूळ साहित्य काढून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घातलं तर कळलं की आपण ज्याला कोस्टॅटम म्हणत होतो त्यातलं बरंचसं कोस्टॅटम नाहीच, त्यात अनेक स्पीशीज दडल्यात. आता जुन्या हजारो नोंदींचं करायचं काय? नमुने ठेवले नसतील तर काहीच करता येत नाही. 'व्यापक अर्थाने' अशी पुस्ती जोडून गप्प बसायचं.

मेडिकलमधून स्पिरुलिना आणली, नेटवर म्हणतात ती स्पिरुलिना नाहीच. फसवणूक आहे का?

नाही हो, फसवणूक नाही, फक्त दुकानातलं नाव आणि शास्त्रातलं नाव केव्हाच फारकत घेऊन बसलंय. १८९२ मधे गोमाँने दोन वेगळे जीनस धरले होते, आडव्या भिंती दिसणारा जाड वळणांचा आर्थ्रोस्पायरा आणि बारीक, घट्ट पिळाचा स्पिरुलिना. १९३२ मधे गाइटलरने दोन्ही एकत्र करून स्पिरुलिना ठेवलं, धंदा त्याच काळानंतर वाढला, तेच नाव डब्यावर चिकटलं. पुढे परत वेगळे केले आणि खायची ती आर्थ्रोस्पायरा प्लॅटेन्सिस असं ठरलं. अभ्यासाला घेतलं तर खरी स्पिरुलिना आणि ही खायची यांचं जवळचं नातंसुद्धा नाही. मग २०१९ मधे पोलंड आणि चेक प्रजासत्ताकातल्या लोकांनी व्यापारी आणि अल्कलाइन तलावातल्या या जाती आर्थ्रोस्पायरातूनही काढून लिम्नोस्पायरा हा नवा जीनस केला. त्यामुळे एकाच पावडरीला तीन पेपरमधे तीन नावं असतात.

डब्यावरचं 'स्पिरुलिना' हे आता आपण बाजारू नाव म्हणून घ्यावं, जसं आहे तसं. तुम्ही कल्चर विकत घेताय तर मात्र नाव नको, स्ट्रेनचा (एकाच मूळ नमुन्यापासून वाढवलेल्या वाणाचा) नंबर मागा.

असंच 'क्लोरेला पायरेनॉयडोसा'. हॅरिएट चिक यांनी १९०३ मधे दिलेलं नाव, गोळ्यांच्या बाटल्यांवर अजून दिमाखात असतं, पण त्या नावाने जगभर वाटलेल्या कल्चर्स तपासल्या तर त्या वेगवेगळ्या स्पीशीजच्या निघाल्या. क्लोरेलाच्या शंभराहून जास्त स्पीशीज कागदावर झाल्या होत्या, हिरवी गोल पेशी दिसली की टाक क्लोरेलात, डीएनए बघितल्यावर त्यातल्या मूठभरच क्लोरेलात टिकल्या. प्रोटोथेकॉइडीस गेली ऑक्झेनोक्लोरेलात, झोफिंगिएन्सिस गेली क्रोमोक्लोरिसमधे.

आणि अस्टाझँथिन हे लाल रंगद्रव्य देणारं हेमॅटोकॉकस प्लुव्हिॲलिस. हे फ्लोटोचं १८४४ चं नाव. २०१६ मधे नाकादा आणि ओता या जपानी लोकांनी दाखवलं की १८०२ मधेच जिरो-शांत्रांने याला व्हॉल्व्हॉक्स लॅकस्ट्रिस म्हटलं होतं, तर नाव हेमॅटोकॉकस लॅकस्ट्रिस पाहिजे. नियमाने बरोबर आहे. कंपन्यांनी ऐकलं का? डबे बघा, कळेल.

अझोलाच्या पाकिटावर अ‍ॅनाबीना अझोली लिहिलंय, पेपरमधे नॉस्टॉक अझोली. कोणतं धरू?

शेतात टाकायचं असेल तर कुठलंही धरा, भाताला नत्र मिळाल्याशी मतलब. अझोला या पाणनेच्याच्या पानात राहणाऱ्या नीलहरित शैवालाचं नाव पेपरात लिहायचं असेल तर तिसरं पण नाव आहे, ट्रायकॉर्मस अझोली, आणि तिन्ही वापरात आहेत. अ‍ॅनाबीना-नॉस्टॉकची सीमारेषा हीच या गटाची जुनी डोकेदुखी आहे. नत्र स्थिरीकरणाच्या अभ्यासात जगभर वापरतात त्या पीसीसी ७१२० या स्ट्रेनला सुद्धा निम्मे लोक अ‍ॅनाबीना म्हणतात आणि निम्मे नॉस्टॉक, पण नंबर एकच असल्यामुळे कुणाचं अडत नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या, फुगे असलेल्या अ‍ॅनाबीना तर २००९ मधे डोलिकोस्पर्मम झाल्या, तलावाच्या रिपोर्टमधे हे नाव दिसलं तर दचकू नका.

नीलहरित शैवाल बॅक्टेरिया आहेत ना? मग त्यांना वनस्पतींचे नियम का?

हा खरा मुरलेला वाद. शंभरेक वर्षं बॉटनीवालेच त्यांना नावं देत आले, आपल्याकडे देसिकाचारींचं १९५९ चं 'सायनोफायटा' हे जाडजूड पुस्तक प्रत्येक डिपार्टमेंटच्या कपाटात असतं. मग १९७८ मधे स्टॅनियर आणि मंडळी म्हणाली की हे बॅक्टेरिया आहेत, यांना बॅक्टेरियांची नियमावली लावा.

अडचण कुठे येते ते बघा. बॅक्टेरियांच्या नियमात टाइप जिवंत लागतो, शुद्ध कल्चर, आणि ते दोन वेगवेगळ्या देशांतल्या कलेक्शनमधे ठेवलेलं पाहिजे. वनस्पतींच्या नियमात टाइप जिवंत चालतच नाही, वाळवलेला, मारलेला किंवा गोठवून निष्क्रिय केलेला पाहिजे. म्हणजे एकाच बाटलीसाठी एक ऑफिस म्हणतं जिवंत आणा, दुसरं म्हणतं मेल्याशिवाय येऊ नका. वर हे जीव शुद्ध कल्चरमधे आणणं म्हणजे महाकठीण, त्यांच्या चिकट आवरणात दुसरे बॅक्टेरिया घर करून असतात. चाळीसेक वर्षं हे लोंबकळत राहिलं. शेवटी २०२१ मधे बॅक्टेरियावाल्यांनी आपल्या नियमात दुरुस्ती केली की वनस्पतींच्या कोडप्रमाणे नीट छापलेली सायनोबॅक्टेरियाची नावं आम्हीही मान्य करतो. मला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो.

पण म्हणून वर्गीकरणाचं भांडण मिटलं असं नाही. मायक्रोसिस्टिस घ्या, उन्हाळ्यात साठलेल्या पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखा थर येतो त्यातला नेहमीचा गडी. बॉटनीवाले वसाहतीचा आकार, आवरणाची कड बघून स्पीशीज पाडतात, एरुजिनोसा, विरिडिस, वेसेनबर्गी वगैरे. २००१ मधे ओत्सुका आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या जोरावर पाच स्पीशीज एकाच एरुजिनोसात घालायचं सुचवलं. आजही दोन्ही पद्धती चालू आहेत. त्याच्या आधी द्रुए नावाच्या अमेरिकन माणसाने तर सगळ्या नीलहरित शैवालांच्या हजारो स्पीशीज पिळून अगदी थोड्याशा करून टाकल्या होत्या, सगळे फरक वातावरणामुळे पडतात म्हणून. ते टिकलं नाही, पण त्याने विचारलेला प्रश्न, की आपण जे फरक मोजतोय ते खरंच वारशाने येतात का, तो काही वाईट नव्हता.

युग्लीना प्राणी की वनस्पती?

नावाच्या बाबतीत दोन्ही. प्राणीशास्त्राची नियमावली वेगळी, वनस्पतींची वेगळी, आणि युग्लीनावाले, डायनोफ्लॅजेलेट (शेपट्यांनी पोहणारे सूक्ष्म जीव) वगैरे दोन्हीकडे फिरतात. त्यातून पेरानेमासारखी भानगड होते. दुझार्दांने १८४१ मधे एका युग्लीनाच्या भाऊबंदाला पेरानेमा नाव दिलं, पण १८२५ मधेच एका नेच्याला ते नाव गेलेलं. प्राण्यांच्या नियमात नेच्याची अडचण नाही, वनस्पतींच्या नियमात आहे. तुम्ही कुठल्या दारातून आत येता त्यावर नाव चालतं की नाही ते ठरतं.

नावावरून लोक एवढे पेटतात कशाला? काय फरक पडतो?

कधी कधी काहीच नाही पडत. समुद्रातल्या सिरॅशियम या डायनोफ्लॅजेलेटचं बघा. २०१० मधे समुद्रातल्या सगळ्या स्पीशीज काढून निओसिरॅशियम असा नवा जीनस केला. त्याच वर्षी दुसऱ्यांनी टिपण छापलं की अहो थांबा, यासाठी जुनी नावं पडून आहेत. २०१३ मधे नाव बदलून ट्रायपोस झालं, बोरीचं १८२३ चं. तीन वर्षांचं आयुष्य त्या निओसिरॅशियमचं, पण तेवढ्यात ते पेपरांत, डेटाबेसमधे शिरलं आणि आता कायम सोबत राहणार. हे टाळता येण्यासारखं होतं असं माझं स्पष्ट मत आहे, जुन्या नावांची यादी आधी बघायची एवढंच काम होतं.

पण अ‍ॅलेक्झँड्रियमची गोष्ट वेगळी. हाही समुद्रातला डायनोफ्लॅजेलेटच, यातल्या काही जाती सॅक्सिटॉक्सिन नावाचं विष करतात, ते तिसऱ्या-कालवं यांच्यात साठतं आणि खाल्लं तर माणसाचे स्नायू लुळे पडतात, जीवही जातो. टामारेन्स, कॅटेनेला, फंडिएन्स या तीन नावांनी ओळखले जाणारे जीव डीएनएवरून पाच गटांत पडतात आणि ते गट त्या तीन नावांशी जुळत नाहीत. २०१४ मधे पाचांना पाच नावं द्यायचं ठरलं. चार झाली, पहिल्या विषारी गटावर अडलं. एका बाजूने म्हटलं फंडिएन्स (१९८५) द्या, कारण कॅटेनेला हे नाव लोकांनी आशियातल्या वेगळ्या गटालाही लावलंय, घोळ होईल, म्हणून ते रद्दच करा. दुसरी बाजू म्हणाली कॅटेनेला १९३६ चं, जुनं आहे, नियम म्हणजे नियम. रद्द करायचा प्रस्ताव समितीकडे गेला आणि समितीने शिफारस केली नाही. त्यामुळे त्या गटाचं नाव आज कॅटेनेला. आता विचार करा, शिंपल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या खात्याकडे वीस वर्षांच्या नोंदी तीन नावांनी आहेत, आणि त्यातली कुठली कुठल्या गटाची हे फक्त कल्चर किंवा डीएनए ठेवला असेल तरच कळणार. इथे लोक पेटले तर मी त्यांना दोष देणार नाही.

प्रसिद्ध नाव वाचवता येत नाही का? सगळं जग वापरतंय तरी बदलायचं?

येतं वाचवता. 'टॅक्सॉन' या जर्नलमधे रीतसर प्रस्ताव छापायचा, शैवालांची समिती मतदान करते, मग वरची समिती, मग काँग्रेस. वर्षानुवर्षं जातात पण होतं. क्लॅमिडोमोनास या एकपेशी हिरव्या शैवालाचं तसंच केलं. त्या जीनसचा जुना टाइप पल्विस्क्युलस होता आणि तो नक्की काय होता हेच धड कळत नव्हतं, शिवाय डीएनएवरून जीनस फुटायला आलेला. टाइप तसाच राहिला असता तर जगभरच्या लॅबमधली लाडकी राइनहार्डी हीच दुसऱ्या नावाखाली गेली असती. म्हणून राइनहार्डीलाच टाइप करून घेतलं. फुटायचे ते बाकीचे फुटोत, ती क्लॅमिडोमोनासच राहणार.

आमच्याकडचे डायटम युरोपच्या पुस्तकावरून ओळखले तर चालतं का?

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे झालंय आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

डायटम गोळा करायचे तर मुठेच्या पात्रातला मुठीएवढा दगड उचलायचा, वरचा तपकिरी बुळबुळीत थर जुन्या टूथब्रशने ट्रेमधे घासून काढायचा, अ‍ॅसिडने किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने उकळून आतलं सगळं जाळायचं, उरतात ती काचेची कवचं. मग १००० पट मोठं करून दहा मायक्रॉनमधे रेघा किती, मधली रिकामी जागा गोल की चौकोनी, टोक चोचीसारखं की बोथट हे मोजत बसायचं. बारा रेघा आल्या, जर्मन पुस्तकात दहा ते चौदा लिहिलंय, चित्र 'साधारण' जुळतंय, नाव टाकलं, पुढचा. असं करत सह्याद्रीतल्या ओढ्यांत कागदोपत्री निम्मं युरोप येऊन राहिलंय. चोचीचा आकार जुळत नव्हता हे कुणी लिहितच नाही.

एच. पी. गांधी यांनी १९५० च्या दशकात कोल्हापूर, राधानगरी, पन्हाळगड इथल्या गोड्या पाण्यातल्या डायटमवर पेपर लिहिले, नवीन स्पीशीज दिल्या, चित्रं हाताने काढलेली. त्या काळात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हाताशी नसताना ते म्हणत होते की हे वेगळं आहे. नंतरच्या कित्येकांनी ती नावं न बघता युरोपचं जवळचं नाव लावून टाकलं. आता आपल्याकडेही, पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत धरून, डायटमवर नव्याने काम होतंय आणि पश्चिम घाटातून नवीन स्पीशीज येतायत. कुणी म्हणतं उगीच नवीन नावं काढून पेपर वाढवतात. तसंही होत असेल कुठे कुठे, पण जुळत नसताना जुळवलेलं नाव हे मला जास्त महागात पडणारं वाटतं, कारण डायटमवरून पाण्याचा दर्जा ठरवतात ते गणितच त्या स्पीशीजच्या सवयींवर चालतं. थंड आल्प्सच्या ओढ्यातल्या स्पीशीजचा गुण खडकवासल्याच्या खालच्या पाण्याला लावला तर आकडा येतो, अर्थ येत नाही.

माझ्या थीसिसमधे नवीन स्पीशीजचं नाव दिलंय. झालं ना माझं नाव?

नाही झालं. १९५३ पासून थीसिसमधलं नाव प्रकाशित धरत नाहीत, थीसिसमधे तसं स्पष्ट म्हटलेलं असलं किंवा आयएसबीएन वगैरे असलं तर गोष्ट वेगळी. जर्नलमधे छापा, वर्णन, चित्र, टाइप कुठल्या हर्बेरियममधे ठेवला ते सगळं घालून. आणि लवकर छापा, कारण तुमच्या थीसिसची पीडीएफ वाचून दुसऱ्याने छापलं तर नाव त्याचं.

इथे एक कडू गोष्ट. पीअर रिव्ह्यू (इतर तज्ज्ञांकडून तपासणी) झाला पाहिजे असं कोडमधे कुठेही नाही. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलमधे कुणी थातुरमातुर वर्णन टाकलं पण नियमाच्या अटी पुऱ्या केल्या, तर ते नाव कायमचं बसलं, पुढच्या प्रत्येकाला ते निस्तरावं लागतं.

गावाचं, आईचं, नेत्याचं नाव देता येतं का? आणि पूना लिहू का पुणे?

देता येतं. स्वतःचं देऊ नये एवढी लाज पाळतात. स्पेलिंग मात्र मूळ छापलेलंच राहतं, म्हणजे जुन्या माणसाने 'पूनेन्सिस' लिहिलं असेल तर शहराचं नाव बदललं म्हणून 'पुणेन्सिस' करता येत नाही. अपवाद फार थोडे. माद्रिदला २०२४ मधे आफ्रिकेतल्या लोकांना शिवी असलेला 'काफ्रा' हा शब्द बदलून 'आफ्रा' करायचं मतदानाने ठरलं, त्यावर खूप गरमागरमी झाली, पण मला तरी ते योग्यच वाटलं.

आम्ही सोसायटीजवळच्या तलावाचा रिपोर्ट करतोय. शेवटी कोणतं नाव लिहायचं?

अल्गीबेस या वेबसाइटवर बघा, आयर्लंडमधल्या गॅलवेहून चालतं, सध्या मान्य असलेलं नाव आणि जुनी नावं दोन्ही मिळतात. नवीन नाव लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे जुनं पण लिहा, म्हणजे महापालिकेतल्या ज्यांनी कॉलेजात सीनेडेस्मस शिकलंय त्यांना कळेल. कोणत्या पुस्तकावरून ओळखलं तेही लिहा. स्पीशीज नक्की नसेल तर जीनसपाशी थांबा, पुढे नुसतं 'स्पी.' लावा, त्यात कमीपणा काही नाही, उलट ज्यांच्या यादीत प्रत्येक गोळीला पूर्ण नाव असतं त्यांच्याकडे मी जरा संशयानेच बघतो. कल्चर पुण्याच्या एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) मधल्या एनसीआयएमसारख्या सूक्ष्मजीवांच्या कलेक्शनमधून आणलं असेल तर नंबर लिहा.

हिरवा थर आलाय आणि पाणी पिण्यात जातंय, तर नावाच्या वादात पडूच नका, विष मोजून घ्या. मायक्रोसिस्टिन-एलआर या विषासाठी पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे आणि ती स्पीशीज एक माना की पाच, बदलत नाही. एकाच स्पीशीजचे काही स्ट्रेन विष करतात, काही करत नाहीत, त्यामुळे नावावरून तसंही काही ठरत नाही.

नमुना फेकू नका. एक भाग लुगोलच्या आयोडीनमधे, काळपट चहाइतका रंग येईल एवढं, तपकिरी बाटलीत, उजेडापासून लांब, आणि रंग उडाला की परत थेंबभर घालायचं. दुसरा भाग अल्कोहोलमधे डीएनएसाठी, फॉर्मेलिनमधे ठेवलं तर डीएनए खराब होतो. फोटोवर स्केल पाहिजेच. पेन्सिलने तारीख, जागा, गोळा करणाऱ्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी आत टाका, बाहेर मार्करने लिहिलेलं अल्कोहोल सांडलं की पुसलं जातं.